आधी अडत मागणारा अडत्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. सातारा जिल्ह्यातल्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वय सत्तरीच्या पुढे. पावसामुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून त्यांनी दोन बाडं आणली होती, एक मराठी आणि एक इंग्रजी. कोयना धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांचं गाव उठलं. त्या वेळी त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. त्या गावाच्या आठवणी त्यांनी निवृत्तीनंतर चार वर्षं बसून लिहून काढल्या. पुण्याच्या भाचीने हौसेने त्याचं इंग्रजी केलं आणि त्यातली दोन प्रकरणं इंटरनेटवर ठेवली.

महिन्याभरात न्यूयॉर्कहून ई-मेल आला. लिहिणाऱ्याने स्वतःची ओळख साहित्यिक एजंट अशी करून दिली होती. अमेरिकेतले मोठे प्रकाशक अशाच पुस्तकाच्या शोधात आहेत, असं त्याचं म्हणणं. घर सोडताना आजीने जातं तिथेच ठेवलं, त्या प्रसंगाचं त्याने भरभरून कौतुक केलं होतं. माणसाने वाचलंय, यात बाईंना शंका उरली नाही. मग वाचनाची फी १५० डॉलर, संपादनाचे ९०० डॉलर आणि ‘प्रकाशकांपुढे सादर करण्याचे’ ११०० डॉलर असे पैसे गेले. एकूण १ लाख ८५ हजार रुपयांच्या आसपास. चौथी मागणी आली तेव्हा भाचीला शंका आली. तिने त्या एजन्सीचा खरा पत्ता शोधून तिथे विचारणा केली. दोन ओळींचं उत्तर आलं: या नावाचे एजंट आमच्याकडे आहेत, पण त्यांनी तुम्हाला कधीही पत्र लिहिलेलं नाही. त्यांच्या नावाने कुणीतरी दुसराच लिहीत होता.

बाईंनी मला पैशांबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “सर, तो माणूस खोटा निघाला. मग त्याने केलेलं कौतुकही खोटंच असणार ना?”

या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी हा एजंट नावाचा प्राणी काय असतो, खरा कसा ओळखायचा आणि तोतया कसा, ते पाहू.

एजंट करतो काय?

आपल्याकडे बाजार समितीत अडत्या असतो. शेतकऱ्याचा माल तो विकून देतो आणि विक्रीच्या रकमेवर त्याची अडत ठरते. पूर्वी ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. त्या पद्धतीबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, पण एक गोष्ट सरळ होती. माल विकला तरच अडत. गाडी यार्डात शिरायच्या आधीच कुणी ‘माल बघण्याचे पैसे द्या’ म्हणाला असता, तर शेतकऱ्याने गाडी दुसऱ्या गाळ्याकडे वळवली असती.

साहित्यिक एजंटचा व्यवहारही नेमका असाच आहे. या धंद्याची सुरुवात लंडनमध्ये १८७५च्या सुमारास ए. पी. वॉट या गृहस्थांनी केली. एका लेखक मित्राने आपली कथा विकून देण्याची विनंती केली, त्यातून हे काम वाढत गेलं. पुढे थॉमस हार्डी, रुडयार्ड किपलिंग, आर्थर कॉनन डॉयल अशी मंडळी वॉट यांच्याकडे होती. विकल्या गेलेल्या लिखाणावर ते दहा टक्के घेत. आज इंग्रजी पुस्तकांच्या दुनियेत देशांतर्गत विक्रीवर साधारण १५ टक्के आणि परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर २० टक्के असा रिवाज आहे. समजा, प्रकाशकाने १० हजार डॉलर आगाऊ मानधन कबूल केलं. ती रक्कम एजन्सीकडे जमा होते, एजन्सी १५०० ठेवून घेते आणि लेखकाला ८५०० पाठवते. प्रकाशकाने काहीच दिलं नाही, तर एजंटलाही काही मिळत नाही.

या बदल्यात एजंट हस्तलिखित वाचतो, दुरुस्त्या सुचवतो, ते कोणत्या प्रकाशनातल्या कोणत्या संपादकाला आवडेल हे ओळखून पाठवतो, करारातली कलमं वाजवून घेतो आणि पुढे वर्षानुवर्षं रॉयल्टीचा हिशेब तपासतो. अमेरिका आणि ब्रिटनमधले बरेचसे मोठे प्रकाशक एजंटशिवाय आलेलं हस्तलिखित स्वीकारतच नाहीत. म्हणूनच तिकडे पाऊल टाकू पाहणाऱ्या लेखकाला एजंट म्हणजे वेशीवरचा दरवाजाच वाटतो. ठकसेन उभा राहतो तो नेमका त्या दरवाजापाशी.

अशा वेळी आपल्या डोळ्यांसमोर कोणती गोष्ट असते? अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ची. लंडनचे एजंट डेव्हिड गॉडविन यांनी ते हस्तलिखित वाचलं आणि विमान पकडून थेट भारत गाठला. १९९७ साली पुस्तक आलं, त्याच वर्षी बुकर पारितोषिक मिळालं. गोष्ट खरी आहे. पण तीतली एक बाब आपण विसरतो. धावून आला तो एजंट, आणि लेखिकेकडे त्याने पैसे मागितले नव्हते.

पैसा कुठून कुठे जातो?

अमेरिकी लेखक जेम्स डी. मॅकडोनाल्ड यांनी नव्या लेखकांसाठी एक साधा नियम सांगून ठेवला आहे. त्याचा आशय असा, की पैसा लेखकाकडे आला पाहिजे, लेखकाकडून जाता कामा नये. फसवणुकीचे बहुतेक प्रकार या एका चाळणीत अडकतात.

वाचनाची फी, नोंदणीची फी, टपाल आणि छपाईच्या नावाखाली आगाऊ रक्कम, ‘अमुक संपादकाकडूनच दुरुस्त करून घ्या, मगच पुढे पाठवतो’ अशी अट, ही सगळी धोक्याची चिन्हं. शेवटचा प्रकार जरा फसवा आहे, कारण त्यात एजंट स्वतः काही मागत नाही. तो दुसऱ्याकडे पाठवतो आणि तिकडून आपला वाटा घेतो. अमेरिकेत नव्वदच्या दशकात अशा साखळ्या उघडकीला आल्या. केंटकी राज्यातल्या एका बाईने तर अशी फी घेणारी एजन्सीच अनेक वर्षं चालवली. १९९९ मध्ये तिला तुरुंगात जावं लागलं.

एजंटप्रमाणे प्रकाशकही तोतया असू शकतो. ‘आम्ही फक्त निवडक पुस्तकं घेतो’ असं सांगणाऱ्या पब्लिश-अमेरिका या कंपनीची परीक्षा पाहायचं काही लेखकांनी २००४ साली ठरवलं. मॅकडोनाल्ड त्यांच्यात पुढे होते. त्यांनी मिळून ‘अटलांटा नाइट्स’ नावाची मुद्दाम भिकार कादंबरी लिहिली. तीत एक प्रकरण गायब, एक प्रकरण जसंच्या तसं दोनदा आणि एक चक्क संगणकाने शब्द कसेही जुळवून तयार केलेलं. कंपनीने कादंबरी स्वीकारली! लेखकांनी बिंग फोडल्यावर जानेवारी २००५ मध्ये कंपनीने प्रस्ताव मागे घेतला. निवड तिथे होतच नव्हती, हे मात्र जगजाहीर झालं.

गंमत म्हणून हे ऐकायला बरं वाटतं. पण अशा ठिकाणी गेलेल्या माणसाचं काय होतं? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने सॅन दिएगोतल्या एका खटल्याची माहिती जाहीर केली. पुस्तक छापून देण्याच्या आणि त्यावर सिनेमा निघेल अशा आशेवर ८००हून अधिक लेखकांकडून ४ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त रक्कम उकळल्याचा आरोप त्यात होता. त्यातले बरेचसे वयस्कर होते. आयुष्याची पुंजी हाताशी असलेला आणि आयुष्यात एकच पुस्तक लिहिलेला माणूस या लोकांना हवा असतो.

तपासायचं कसं?

आता कामाचं बोलू. पहिली गोष्ट, नामवंत एजंट आपण होऊन अनोळखी माणसाच्या दारात सहसा येत नाहीत. त्यांच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांचा ढीगच उपसत नाही. म्हणून स्वतःहून आलेल्या पत्राकडे आधी संशयाने पाहावं, मग आनंदाने. पूर्वी अशी पत्रं लगेच ओळखू यायची, कारण मजकूर मोघम असायचा. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तुमच्या पुस्तकातला प्रसंग, पात्रांची नावं, एखादं वाक्य उचलून कौतुकाचं पत्र क्षणात तयार होतं. बाईंच्या जात्याचं कौतुक असंच झालं असावं. तेव्हा ‘त्याने वाचलंय’ हा पुरावा आता पुरावा राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट, पत्रावरचं नाव खरं असलं तरी माणूस खरा असेल असं नाही. फिलिपो बर्नार्डिनी नावाचा तरुण प्रकाशन व्यवसायात नोकरी करता करता नामांकित संपादक आणि एजंट यांच्या नावांची सोंगं घेत होता. ई-मेलच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे करायचं, एवढीच युक्ती. त्याने हजारावर हस्तलिखितं मिळवली. जानेवारी २०२२ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. त्याला भुललेल्यांमध्ये या धंद्यातले मुरलेले लोकही होते. म्हणून आलेल्या पत्राला ‘रिप्लाय’ करूच नये. एजन्सीची वेबसाइट स्वतः शोधावी, तिथला पत्ता घ्यावा आणि त्यावर विचारावं, ‘हे पत्र आपलंच का?’ भाचीने हे शेवटी केलं. सुरुवातीला केलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं.

तिसरी गोष्ट, एजंटने कोणती पुस्तकं विकली आहेत ते पाहावं. खरा एजंट आपल्या लेखकांची नावं अभिमानाने सांगतो. ‘ग्राहकांची गोपनीयता’ असं कारण कुणी दिलं, तर समजून जावं. याची एक घरगुती पद्धत आहे. तुमच्या जातीची, म्हणजे तुमच्या लिखाणासारखी, चार-पाच इंग्रजी पुस्तकं वाचनालयातून काढा आणि ऋणनिर्देशाचं पान उघडा. तिकडचे लेखक बहुधा आपल्या एजंटचे नाव घेऊन आभार मानतात. त्या नावांपासून शोध सुरू केला, तर खऱ्या माणसांची यादी घरबसल्या तयार होते.

चौथी गोष्ट, एजंटांच्या संघटना. ब्रिटनमध्ये अशी संघटना १९७४ पासून आहे. अमेरिकेतली संघटना १९९१ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झाली. वाचनाची फी घेऊ नये, असा सभासदांसाठी दंडक आहे. सभासद नसलेला प्रत्येकजण लबाड असतो असं नाही, नवा एजंट संघटनेबाहेर असू शकतो. पण मग त्याने आधी एखाद्या प्रकाशन संस्थेत किंवा एजन्सीत काम केलेलं असावं. शिवाय ‘रायटर बिवेअर’ नावाचा उपक्रम अमेरिकेतल्या दोन लेखिकांनी, व्हिक्टोरिया स्ट्रॉस आणि ए. सी. क्रिस्पिन यांनी, १९९८ मध्ये सुरू केला. क्रिस्पिन २०१३ मध्ये वारल्या. फसवणुकीच्या तक्रारींची माहिती तिथे फुकट मिळते.

पाचवी आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे घाई. ‘शुक्रवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर संधी जाईल’ असं खरा एजंट म्हणत नाही. या धंद्यात उत्तराला सहा आठवडे, कधी सहा महिने लागतात आणि बहुतेक उत्तरं नकाराची असतात. नकार म्हणजे फसवणूक नव्हे. उलट, न मागता, न थांबता, पहिल्याच फटक्यात आलेला होकार जपून घ्यावा.

सही करण्याआधी

माणूस खरा निघाला तरी करार वाचल्याशिवाय सही करू नये. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. टक्केवारी किती, करार किती काळाचा, तो मोडायचा झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची आणि पैसे आल्यावर किती दिवसांत लेखकाला मिळणार. एजंटने विकून दिलेल्या पुस्तकावरचं त्याचं कमिशन करार संपल्यावरही सुरू राहतं, तसा रिवाजच आहे. पण तुमच्या पुढच्या सगळ्या लिखाणावर त्याचा हक्क कायमचा नसावा.

आणि कॉपीराइट? तो एजंटच्या नावे कधीही करायचा नाही. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’च्या लेखिका हार्पर ली यांना २०१३ मध्ये, ८७व्या वर्षी, आपल्याच एजंटवर दावा लावावा लागला. प्रकृती ढासळलेली, नजर आणि कान साथ देत नाहीत अशा अवस्थेत आपल्याकडून कॉपीराइट लिहून घेतल्याचा त्यांचा आरोप होता. प्रकरण त्याच वर्षी आपसात मिटलं. जगभर कोट्यवधी प्रती खपलेल्या लेखिकेवर ही वेळ आली.

हिशेबही मागत राहावा. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या, नाणावलेल्या एजन्सीच्या हिशेबनिसाने लेखकांचे ३४ लाख डॉलर परस्पर वळवले. ते २०१८ मध्ये उघड झालं. ‘पैसे का आले नाहीत’ असं विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

मराठी लेखकाला एजंट हवा का?

मराठीत लिहून मराठीतच प्रकाशित करायचं असेल, तर एजंटची गरज नाही. आपल्याकडे लेखक आणि प्रकाशक यांचा संबंध थेट आहे. हस्तलिखित स्वतः पाठवायचं, पोच घ्यायची, वाट पाहायची. भारतातल्या इंग्रजी प्रकाशनासाठी एजन्सी आहेत, बंगळुरूची जॅकरांडा १९९७ मध्ये सुरू झाली. तरी इथले अनेक प्रकाशक लेखकाकडून थेट हस्तलिखित घेतात.

पण एजंट नाही म्हणजे फसवणूक नाही, असं मात्र नाही. ‘आपली कविता प्रातिनिधिक संग्रहासाठी निवडली आहे, सहभाग शुल्क भरा.’ ‘आपल्याला राज्यस्तरीय पुरस्कार जाहीर झाला आहे, नोंदणीचे दोन हजार पाठवा.’ ही पत्रं आपल्या ओळखीची आहेत. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, मराठीत ती वहिवाट जुनी आहे. पण मग तो छपाईचा व्यवहार म्हणून उघडपणे व्हावा. कागद कोणता, प्रती किती, दर काय, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे लेखी ठरावं. खर्च लेखकाचा आणि ‘निवड’ प्रकाशकाची, असं गोडबोल्या भाषेत सांगितलं जातं तेव्हा काळजी घ्यावी. आयएसबीएन क्रमांकाचे कुणी हजारो रुपये मागितले, तर हे लक्षात ठेवा: भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. कॉपीराइटही लिहिल्या क्षणी तुमचाच असतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि करायची म्हटलीच तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे.

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बरंच काही सांगतो. हक्क द्यायचे तर ते लेखी हवेत. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला काय, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अनुवादाचा हक्क हा वेगळा हक्क आहे. मराठी प्रकाशकाबरोबरच्या छापील करारात ‘सर्व भाषांतील सर्व हक्क’ असे शब्द असतील, तर सहीपूर्वी त्याबद्दल बोला.

आणि फसवणूक झालीच तर? लाजून गप्प बसू नका. ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत हालचाल झाली, तर पैसे रोखले जाण्याची शक्यता असते. पत्रं, पावत्या, पडद्यावरच्या मजकुराची छायाचित्रं जपून ठेवा. आणखी एक. ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असं सांगणारा दुसरा माणूस पाठोपाठ येतो. तो बहुधा पहिल्याचाच भाऊ असतो.

आता बाईंचा प्रश्न. मी त्यांचं मराठी बाड ठेवून घेतलं आणि आठ दिवसांत वाचलं. उत्तरार्ध पसरट आहे, नव्या वसाहतीतल्या नातेवाइकांच्या याद्या फार आहेत, ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण पाणी चढायला लागल्यावर मुलांनी रोज संध्याकाळी देवळाची एकेक पायरी मोजत राहणं, हे प्रकरण वाचताना मी दोनदा थांबलो. तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “हे फुकट सांगताय ना?” आणि हसल्या. पैसे परत आलेले नाहीत, येतील असंही वाटत नाही. बाईंनी उत्तरार्ध पुन्हा लिहायला घेतला आहे.

ठकाने कौतुक केलं म्हणून लिखाण चांगलं ठरत नाही, आणि ठकाने फसवलं म्हणून ते वाईटही ठरत नाही. त्याने ते वाचलेलंच नसतं. तेव्हा आपलं लिखाण आधी ज्यांना आपल्याकडून काहीच नको आहे, अशा दोन-तीन जाणत्या माणसांना वाचायला द्या. शाळेतले जुने सर असतील, वाचनालयाच्या बाई असतील. त्यांच्या परखड शब्दांची सवय झालेल्या लेखकाला गोड पत्राची भुरळ लवकर पडत नाही.